ट्रकचा विमा: पोर्टलवरून घ्यायचा की वाहतुकीतला ब्रोकर गाठायचा?

मालवाहू ट्रकच्या विम्याच्या बिलात बहुतेक वेळा सर्वांत मोठा आकडा असतो थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याच्या विम्याचा, आणि तो आकडा कुठेही गेलात तरी तोच असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा आहे. त्याचे मूळ दर केंद्र सरकारचं रस्ते वाहतूक मंत्रालय विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, सल्ल्याने ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात भाड्याने माल वाहणाऱ्या गाड्यांचे दर असे आहेत: एकूण वजन म्हणजे जीव्हीडब्ल्यू ७,५०० किलोपर्यंत १६,०४९ रुपये, १२,००० किलोपर्यंत २७,१८६, २०,००० पर्यंत ३५,३१३, ४०,००० पर्यंत ४३,९५० आणि त्यावर ४४,२४२. नवे दर निघाले तर तेही सर्व कंपन्यांना सारखेच लागू होतात.

म्हणून ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त आहे’ असं कोणी म्हणालं की तिथूनच परत फिरावं. स्वस्त थर्ड पार्टीचा एक जुना धंदा आहे: दुचाकी किंवा तीनचाकीच्या नावावर खरी पॉलिसी काढायची आणि पीडीएफमध्ये ट्रकचा नंबर व वजन बसवून मालकाच्या हातात द्यायची. नाक्यावर कागद बघून गाडी सुटतेही. अपघातानंतर मात्र कंपनीच्या नोंदीत त्या नंबरचा ट्रकच सापडत नाही आणि नुकसानभरपाईचा सगळा दावा मालकाच्या अंगावर येतो.

कंपनी-कंपनीत फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. हा भाग २००७ पासून दरमुक्त आहे, म्हणजे त्याचा दर प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. पोर्टल आणि ब्रोकर यांची तुलना करायची तर ती याच भागावर, आणि दावा लागल्यावर बाजूने कोण उभं राहतं यावर करावी लागते.

समोरचा माणूस कायद्याने कोण आहे?

पोर्टल आणि ब्रोकर या दोन वेगळ्या जाती आहेत असा सर्वसाधारण समज असतो. कागदावर तसं राहिलेलं नाही. देशातलं सर्वांत परिचित विमा पोर्टल २०२१ पासून स्वतःच ब्रोकरचा परवाना घेऊन चालतं. शिवाय आरटीओसमोरच्या टपरीत बसलेला ‘सगळ्या कंपन्यांचा विमा मिळेल’वाला बहुतेक वेळा अशाच एखाद्या ब्रोकर कंपनीचा पीओएसपी असतो: थोडं प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन नेमलेला विक्री प्रतिनिधी. त्याच्या मोबाइलवरचं अॅप आणि तुमच्या मोबाइलवरचं पोर्टल यांच्या मागे पुष्कळदा एकच यंत्रणा असते.

एजंट हा कंपनीचा माणूस. सर्वसाधारण विम्यात तो एकाच कंपनीचं काम करू शकतो. ब्रोकर कायद्याने ग्राहकाचा प्रतिनिधी असतो आणि त्याला कमिशन विमा कंपनी देते. शोरूममधला विम्याचा टेबल किंवा फायनान्स कंपनी यांचे करार ठरावीक कंपन्यांशी असतात. कर्जाची गाडी असली तरी विमा त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असं बंधन नाही. पॉलिसीवर त्यांचा बोजा नोंदवला की पुरे.

‘ट्रकचा स्पेशालिस्ट’ असा वेगळा परवाना नसतो. ते ओळखावं लागतं प्रश्न विचारून, आणि ते प्रश्न पुढे दिले आहेत.

पोर्टल कुठे पुरतं, कुठे तोकडं पडतं

एखाद-दुसरी छोटी मालवाहू गाडी, म्हणजे छोटा हत्ती, पिकअप किंवा ७,५०० किलोच्या आतला टेम्पो, कंपनीची तयार बॉडी, नियमित नूतनीकरण आणि मागच्या वर्षी दावा नाही, अशा स्थितीत पोर्टल उत्तम. दहा मिनिटांत पाच-सात कोटेशन समोर येतात आणि सवलतीचा अंदाज लागतो.

अडचण मोठ्या गाडीला येते. विमा कंपन्या आरटीओ, मेक, वजन, वय आणि वापर पाहून आतल्या आत ठरवतात की कोणत्या गाड्या हव्यात आणि कोणत्या नकोत. डंपर, टँकर, जुनी गाडी किंवा दाव्यांचं प्रमाण जास्त असलेला जिल्हा असेल तर पोर्टलवर दोनच नावं दिसतात, कधी फक्त थर्ड पार्टीच दिसते. नाकारणाऱ्या कंपनीला कागद दाखवून, ताफ्याचा दावा-इतिहास दाखवून पुन्हा विचारायला लावणं हे माणसाचं काम आहे.

दुसरी अडचण फॉर्मची. नंबर टाकला की ‘वाहन’ या सरकारी नोंदीतून माहिती आपोआप भरली जाते आणि मालक ‘पुढे’ दाबत जातो. बॉडी मात्र तुमच्या गावच्या बॉडी बिल्डरने बांधलेली असते, आणि फॉर्ममध्ये किंमत असते ती नुसत्या चासी-केबिनची. हौद्याची किंमत धरली नाही तर गाडी जळाल्यावर हौदा हिशेबातच येत नाही.

आमचं मत असं: पाचपेक्षा जास्त गाड्या, किंवा एकच असली तरी टँकर, ट्रेलर, डंपर अथवा रीफर (थंड माल नेणारी गाडी) असेल, तर वाहतूक कळणाऱ्या ब्रोकरशिवाय जाऊ नये. दोन ते पाच साध्या गाड्या असतील तर दोन्हीकडून कोटेशन घ्यावं.

पायरी १: मुदत संपण्याआधी महिनाभर कागद काढा

आरसी, चालू पॉलिसी, चासीचं आणि बॉडीचं वेगवेगळं बिल, पासिंगचं प्रमाणपत्र, परमिट, कराची पावती, पीयूसी, चालकाचा परवाना, कर्ज असेल तर फायनान्स कंपनीचं नाव, आणि मागच्या तीन वर्षांतल्या दाव्यांची यादी.

मुदत चुकवू नका. खंड पडला की ओन डॅमेजसाठी गाडीची तपासणी लागते, आणि ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, जातो. हा बोनस २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. तो मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. जुनी गाडी विकून नवी घेतली तर मागच्या कंपनीकडून पत्र घेऊन नव्या गाडीवर लावता येतो. पोर्टलवर ‘मागच्या वर्षी दावा केला होता का?’ या प्रश्नाला खोटं ‘नाही’ हे उत्तर देऊ नका. कंपन्या एकमेकींकडून खात्री करून घेतात, आणि हा शोध नेमका तुमचा दावा टेबलावर असताना लागतो.

पायरी २: तुम्हाला काय हवं ते आधी लिहून काढा

ही पायरी लोक सोडतात आणि मग दोन न जुळणाऱ्या कोटेशनांची तुलना करत बसतात. कागदाच्या एका बाजूवर एवढं लिहा:

आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. नव्या गाडीच्या किमतीतून वयानुसार घट धरतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. त्यापुढे कंपनी आणि मालक यांच्या संमतीने. चासी आणि बॉडी वेगळ्या ओळींत मागा. आयडीव्ही पाडून हप्ता कमी दाखवणं ही सर्वांत सोपी चलाखी आहे.

आयएमटी २३. आयएमटी म्हणजे जुन्या मोटार टॅरिफमधली (दरपत्रकातली) क्रमांकाने ओळखली जाणारी जोडकलमं. ट्रकच्या साध्या पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेट, बाजूचे भाग, बंपर आणि रंग यांचं नुकसान धरत नाहीत (गाडी पूर्ण निकामी झाली तर गोष्ट वेगळी). समोरून ठोकर बसली की पहिल्यांदा फुटतं ते नेमकं हेच. आयएमटी २३ घेतलं तर हे भाग पॉलिसीत येतात. जुन्या टॅरिफप्रमाणे त्यासाठी ओन डॅमेजच्या हप्त्यावर १५ टक्के जादा पडतात. घेतल्यावरही या भागांवर कपात राहते, तेव्हा कलमाचा मजकूर वाचून घ्या.

चालक आणि क्लीनर. त्यांना कामावर इजा झाली तर मालकावर येणाऱ्या भरपाईसाठीचं आयएमटी २८ माणशी ५० रुपयांत मिळतं. एवढ्या कमी पैशांत इतकं मोठं ओझं दुसरं कुठलंच कलम उचलत नाही, तरी हजारो पॉलिसींत ही ओळ नसते. गाडीवर भरणी-उतरणीचे हमाल असतील तर आयएमटी ३९ विचारा.

ओढून नेण्याचा खर्च. साध्या पॉलिसीत व्यापारी गाडीसाठी मर्यादा २,५०० रुपये आहे. खंबाटकीत किंवा कसाऱ्याच्या घाटात भरलेली गाडी उलटली तर मोठ्या क्रेनच्या बिलापुढे हे कुठेच पुरत नाहीत. मर्यादा वाढवून मिळते, कोटेशनमध्ये ती लिहून मागा.

घसारा, म्हणजे दाव्यात बदललेल्या भागाच्या किमतीतून होणारी कपात. प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के, फायबरवर ३०, काचेवर शून्य. धातूच्या भागांवर वयाप्रमाणे: पहिल्या सहा महिन्यांत काही नाही, तिसऱ्या वर्षी १५ टक्के, पाच ते दहा वर्षांत ४०, पुढे ५०. नवी गाडी असेल तर झिरो डेपची, म्हणजे घसारा न कापणाऱ्या जोडकलमाची, किंमत विचाराच. जुन्या ट्रकला बहुतेक कंपन्या ते देत नाहीत.

मालकाचा अपघात विमा. गाडी व्यक्तीच्या नावावर असून तिच्याकडे वैध परवाना असेल तर १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे. गाडी भागीदारीच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर लागत नाही. फॉर्म कधी कधी तरीही तो हप्ता लावून टाकतो.

पायरी ३: दोन्हीकडून एकाच यादीवर कोटेशन मागा

हिशेब कसा फिरतो ते एका उदाहरणावर पाहू. समजा २८,००० किलो जीव्हीडब्ल्यूचा दहा टायरी ट्रक, वय पाच वर्षांच्या आत, नोंदणी सोलापूरची, आयडीव्ही १८ लाख. जुन्या टॅरिफचा हिशेब कंपन्या अजूनही पाया म्हणून वापरतात. त्याप्रमाणे झोन सीचा (महानगरं आणि राज्यांच्या राजधान्या सोडून उरलेल्या भागाचा) दर १.७२६ टक्के, म्हणजे ३१,०६८ रुपये. १२,००० किलोवरच्या प्रत्येक १०० किलोला २७ रुपये, म्हणजे आणखी ४,३२०. एकूण ३५,३८८. यावर कंपनी सवलत देते.

पोर्टलवर ७० टक्के सवलतीचं कोटेशन आलं: १०,६१६ रुपये. ब्रोकरने ६० टक्क्यांचं आणलं आणि त्यात आयएमटी २३ धरलं: १४,१५५ अधिक २,१२३, म्हणजे १६,२७८. वरवर पाहता ब्रोकर साडेपाच हजारांनी महाग. पण पोर्टलच्या कोटेशनमध्ये तेच आयएमटी २३ घातलं तर तिथे १,५९२ रुपये वाढतात आणि फरक चार हजारांवर येतो. तुलना या चार हजारांची. आता ब्रोकरला सांगा, ‘७० टक्के दुसरीकडे मिळतायत, त्या कंपनीला विचारा.’ कित्येकदा तीच कंपनी, तोच दर त्याच्याकडूनही निघतो.

थर्ड पार्टीचे ४३,९५० दोन्हीकडे सारखेच. करही सारखा: मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, ओन डॅमेजवर १८ टक्के आहे. जुन्या दराने कर लावलेलं कोटेशन कोणी दिलं तर लगेच बोट ठेवा.

कमिशनमधले पैसे परत देतो असं कोणी म्हणालं तर तो विमा कायद्याच्या कलम ४१ चा भंग आहे. बाजारात हे सर्रास चालतं हे खरं, पण परत मिळणाऱ्या पैशांसाठी कोणत्या ओळी वगळल्या आहेत ते आधी तपासा.

पायरी ४: ब्रोकरला विचारायचे प्रश्न

परवाना क्रमांक विचारा आणि आयआरडीएआयच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः बघा. बोलणारा माणूस ब्रोकर कंपनीचा पगारी आहे की पीओएसपी, हेही विचारा.

मग कामाचं: किती कंपन्यांकडे विचारलं, कोणी नाकारलं आणि का? तुमच्याकडे माझ्यासारख्या किती गाड्या आहेत? दावे बघणारा माणूस वेगळा आहे का, आणि रात्री दोन वाजता महामार्गावरून चालकाने फोन केला तर कोण उचलतं? नागपूरजवळ अपघात झाला तर स्पॉट सर्व्हेअर, म्हणजे जागेवर येऊन नुकसान पाहणारा, कसा मिळवता? मुरब्बी माणूस इथे नावं, फोन आणि क्रम सांगतो. ‘काळजी करू नका, आपली ओळख आहे’ एवढंच उत्तर मिळालं तर पोर्टलच बरं.

एक तांत्रिक प्रश्नही टाका: ‘डंपर माल उतरवताना हौदा वर असताना उलटला तर दावा बसतो का?’ उत्तर कंपनीच्या पॉलिसीतल्या मजकुरासह लेखी मागा. ज्याला हा प्रश्नच नवा वाटतो, तो डंपरवाल्यांचा स्पेशालिस्ट नाही.

पायरी ५: पैसे आणि पॉलिसीची तपासणी

पैसे विमा कंपनीच्या लिंकवर भरा, कोणाच्या खासगी यूपीआयवर नको. कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही, मध्यस्थाच्या खात्यात दोन दिवस अडकलेला पैसा तुम्हाला संरक्षण देत नाही.

पॉलिसीवर मोबाइल क्रमांक आणि ईमेल तुमचाच हवा. मध्यस्थ स्वतःचा टाकतात, म्हणजे पुढच्या वर्षीचं नूतनीकरण त्यांच्याच हाती राहतं. पण मग सर्व्हेअरचे संदेश आणि दाव्याचे ओटीपीही त्यांच्याकडेच जातात.

पीडीएफ आल्या दिवशी आरसी शेजारी ठेवून वाचा. चासी आणि इंजिन क्रमांक, जीव्हीडब्ल्यू, ‘भाड्याने माल वाहतूक’ की ‘स्वतःचा माल’, बॉडीचा प्रकार, आयडीव्हीच्या दोन ओळी, बोजा, आयएमटी क्रमांकांची यादी, आणि सुरू होण्याची तारीखच नव्हे तर वेळही. सकाळी अपघात आणि पॉलिसी दुपारची, अशी प्रकरणं कोर्टात हरलेली आहेत. नंतर क्यूआर स्कॅन करा आणि काही दिवसांत एमपरिवहन या सरकारी अॅपवर गाडीचा विमा दिसतो का बघा. चूक सापडली तर लगेच एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतली लेखी दुरुस्ती, मागा, दाव्याच्या वेळी केलेली दुरुस्ती संशयाने बघितली जाते.

पॉलिसी बरोबर असूनही दावा कुठे अडकतो

परवाना, परमिट, पासिंग. अवजड गाडीला अवजड वाहतुकीचाच परवाना लागतो. ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवायला मुभा मिळाली, त्याच्या वर नाही. रसायन किंवा इंधनाच्या टँकरवर धोकादायक मालाची नोंद परवान्यावर चालू हवी. परमिट नसलेल्या गाडीच्या अपघातात कोर्ट विमा कंपनीला जखमींचे पैसे आधी भरायला लावतं आणि मग ते मालकाकडून वसूल करायची परवानगी देतं. थर्ड पार्टी आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या मालकांना ही वसुलीची नोटीस गाठते.

गाडीवरचे प्रवासी. भाजी घेऊन वाशी मार्केटला निघालेला शेतकरी आपल्या मालासोबत केबिनमध्ये बसला असेल तर मालाचा मालक म्हणून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. वाटेत हात दाखवून बसलेल्या माणसाला नाही.

गाडीतला माल. मोटार पॉलिसीत तो नसतोच. माल हरवला-भिजला तर मालमालकाची विमा कंपनी त्याला पैसे देते आणि मग तुमच्यावर वसुली लावते. रस्ते मालवाहतूक कायदा २००७ खाली, जास्त किंमत जाहीर केलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत असते: ४० हजार भाड्याच्या फेरीला ४ लाख. त्यासाठी कॅरिअर्स लीगल लायबिलिटी ही वेगळी पॉलिसी आहे. पोर्टलवर ती सहसा दिसत नाही, आणि स्वतःच्या नावाने बिल्टी (मालवाहतुकीची पावती) फाडणाऱ्याला ब्रोकरची गरज सर्वांत जास्त इथे पडते.

अपघात झाला की गाडी हलवण्याआधी कंपनीला कळवा, जागेवरचा सर्व्हे मागा, चारही बाजूंनी नंबरसह फोटो काढा. पोलिसांनी रस्ता मोकळा करायला सांगितला तर फोटो काढून हलवा. बिल्टी आणि काट्याची पावती जपून ठेवा: ओव्हरलोडचा आक्षेप आला तर तीच कामी येते. अटींचा भंग झाला म्हणून पूर्ण दावा नाकारण्याऐवजी ७५ टक्क्यांपर्यंत ‘नॉन-स्टँडर्ड’ तडजोड देण्याचा पायंडा न्यायालयांनी मान्य केलेला आहे. सरसकट नकार आला तर हे लेखी मागा. ब्रोकर असेल तर हे पत्र त्याने लिहायचं असतं.

कंपनीच्या तक्रार कक्षाने दाद दिली नाही तर आयआरडीएआयच्या विमा भरोसा या तक्रार पोर्टलवर नोंद करा. एकल मालकी आणि सूक्ष्म उद्योगांना विमा लोकपालाकडे ५० लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी विनाशुल्क जाता येतं, आणि २०२१ पासून ब्रोकरविरुद्धची तक्रारही तिथे चालते. मोठ्या ताफ्याच्या मालकाला ग्राहक आयोगाचा रस्ता आहे: धंद्याच्या गाडीचा विमा म्हणजे व्यापारी व्यवहार हा कंपन्यांचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये फेटाळला आहे.